दुसरीच्या नावाचा दगड

आमच्या बाबांना काहीही सांगा, ते शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मग त्यांना करायचं असतं तेच करतात. त्र्याऐंशी वर्षं हेच चाललंय. आई होती तोवर हा तिच्या डोक्याला ताप होता. डिसेंबरात ती गेली आणि तो ताप माझ्याकडे आला. म्हणून जूनच्या ऐन उन्हात, दुकानात लोकांचे पडदे शिवायचे पडलेले असताना, मी माझ्या भावाच्या गाडीत मागे बसून घामाने निथळत होते. खिडकी उघडायची नाही, कारण बाबांच्या मानेला वारा लागतो. एसी लावायचा नाही, कारण कमरेला वारा लागतो. माझा धाकटा भाऊ तुंजाय गाडी चालवत होता आणि प्रत्येक गोष्टीला ‘बरं बाबा’ म्हणत होता. त्याला आयुष्यात तेवढंच जमतं.

आम्ही राहतो त्या देनिझलीहून जुनं ताशोलुक दीड तासावर आहे. ताशोलुक म्हणजे आमचं गाव, म्हणजे होतं. ग्रीकांनी वसवलेल्या आणि रोमनांनी वाढवलेल्या कुठल्याशा शहराच्या बोकांडी ते बसलं होतं. कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत संगमरवरी हात, कुणाच्या दारात खांबाचं डोकं, आणि जुन्या लोकांच्या नाटक बघायच्या गोल पायऱ्यांवर साऱ्या गावाच्या बकऱ्या. सत्तर साली सरकारने गाव उचललं आणि तीन किलोमीटरवर नवं बसवलं, तेव्हा मी जेमतेम वर्षाची होते. आता तिथे तिकीट काढून जगभरची माणसं दगड बघायला येतात. बाबांना दगड बघायचे नव्हते. त्यांना एक कबर शोधायची होती.

कबर फिक्रियेची. आता फिक्रिये म्हणजे मीच, दुकानाच्या पाटीवर लिहिलंय तसं. पण मी दुसरी. पहिली फिक्रिये माझ्या आधी झाली आणि दोन वर्षांची व्हायच्या आत तापाने गेली. मृत्यूची नोंद करायची तर तालुक्याला जायचं, बर्फातून खेचरावर अर्धा दिवस. बाबा गेले नाहीत. मग मी झाले. नाव तयार होतं, कागद तयार होता, तोच मला लावून टाकला. आमच्याकडे तेव्हा हे सर्रास चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. वाटलं ते मला, कारण भोगलं मी. ओळखपत्रावर माझा जन्म सहासष्ट सालच्या सुरुवातीचा आहे, खरा एकोणसत्तरच्या अखेरचा. शाळेची नोटीस आली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि वर्गातल्या थोराड मुली माझ्या पेन्सिली काढून घ्यायच्या. लग्न झालं तेव्हा कागदावर अठरा पूर्ण होती, खरी चौदा. नवरा वाईट नव्हता, अल्ला त्याला शांती देवो, पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी अंगणात दोरीच्या उड्या मारल्या म्हणून सासूने माझ्या आईला बोलावून घेतलं होतं. या सगळ्याबद्दल बाबांनी आजवर एक अक्षर तोंडातून काढलेलं नाही. मी विषय काढला की ते चप्पल घालून बाहेर जातात.

आणि आता त्यांना त्या पहिलीची कबर हवी होती. आई त्यांच्या स्वप्नात येते म्हणे आणि विचारते, मुलगी कुठंय. म्हणून त्या कबरीवरची मूठभर माती आणून आईच्या कबरीवर टाकायची. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, हिवाळ्यापर्यंत आत्ता दिसतंय तेवढंही दिसणार नाही. म्हणजे जे काय शोधायचं ते याच उन्हाळ्यात. मी म्हटलं होतं, सप्टेंबरात जाऊ, ऊन उतरेल. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुंजायच्या दारात जाऊन बसले.

खरं सांगते, मला हेवा वाटत होता. चौपन्नाव्या वर्षी, एका तान्ह्या मेलेल्या पोरीचा.

फाटकापासूनच सुरुवात झाली. तिकीटखिडकीतल्या बाईने बाबांना सांगितलं की पासष्टच्या वरच्यांना तिकीट नाही. बाबा म्हणाले, फुकट कशाला, मी काय हात पसरलाय? बरं, मग तिकीट काढा म्हटलं, तर म्हणे स्वतःच्या गावात शिरायला तिकीट कसलं? मागे एक अख्खी बस भरून माणसं रांगेत उभी. शेवटी तुंजायने त्यांना दंडाला धरून आत ढकललं आणि मी माझं ओळखपत्र पुढे केलं. बाई वर्ष बघून हसून म्हणाली, “ताई, तुम्हाला फुकट व्हायला अजून आठ वर्षं आहेत.” मी म्हटलं, कागदावर आठ. तिला काही कळलं नाही.

आत दोरी बांधलेली वाट आहे आणि ठिकठिकाणी बाण आहेत. बाबांनी एकही बाण मानला नाही. देवळाचे ते चौदा खांब, ज्यांच्यापुढे लोक फोटो काढत होते, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही; तिथे म्हणे दुर्सुन लोहाराचा कोंबड्यांचा खुराडा होता आणि वास मारायचा. स्नानगृहात गावाचा पेंढा ठेवत. नाटकाच्या पायऱ्यांवर एक गाइड मुलगी तिच्या लोकांना दगडात कोरलेला चौकोन दाखवत होती आणि सांगत होती की रोमन शिपाई इथे सोंगट्या खेळत. बाबा मोठ्याने म्हणाले की तो चौकोन त्यांनी आणि वेली नावाच्या पोराने खिळ्याने कोरलाय, बकऱ्या राखताना, आणि वेली लबाडी करायचा. गाइडने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांना ओढत खाली आणलं. तुंजाय तोवर सावली गाठून फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

जेवायला चिनाराखाली बसलो. मी पहाटे उठून अंडी उकडली होती, चीज आणि टोमॅटो बांधून घेतले होते. बाबांनी एक अंडं सोललं, तसंच हातात धरून ठेवलं आणि म्हणाले, आता चला. मी म्हटलं, आधी ते अंडं खा. त्यांनी मान डोलावली, अंडं खिशात टाकलं आणि चालू लागले.

कबरस्तान देवळाच्या मागे होतं, डोंगराच्या अंगाला. होतं म्हणायचं कारण आता तिथे गुडघाभर काटेरी गवत, चार जुनाट झाडं आणि जमिनीला उंचवटे, बाकी काही नाही. आमच्या लोकांकडे कबरीला विकतचा दगड घ्यायला कुठून असणार? रानात पडलेला जुना संगमरवर उचलायचा, मेलेल्याच्या उशाशी रोवायचा. अख्खं कबरस्तान त्या जुन्या शहराच्या तुकड्यांनी भरलेलं होतं, आणि गाव हलल्यावर उत्खननवाल्यांनी ते सगळे तुकडे उचलून नेले. कुठली कबर कुणाची हे सांगायला काही उरलं नाही. पहिल्या फिक्रियेच्या उशाशी पक्षी कोरलेला दगड होता, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तोही सरकारी माणसांनी जबरदस्तीने नेला, असं बाबा सांगायचे. खोदकामावरच्या त्या परदेशी प्रोफेसरला आई मरेपर्यंत शिव्याशाप देत होती, आणि बाबा त्याच खोदकामावर आठ वर्षं मजुरीला होते.

बाबा दोरी ओलांडून त्या गवतात शिरले. लगेच शिट्टी वाजली. दुर्मुश नावाचा राखणदार वरून ओरडत आला की तिकडे साप आहेत, परवानगी नाही. बाबांनी मान डोलावली आणि आणखी आत गेले. कधी या झाडापासून पावलं मोजायची, कधी त्या झाडापासून. दहा पावलं चालायचे, थांबायचे, पायाने माती चाचपायचे, आणि परत फिरायचे. अर्धा तास हे चाललं. शिट्टी चालूच. माझ्या मोज्यांत काटे घुसले होते, डोकं तापलं होतं, आणि बाबा एका जागी उभे राहून पुटपुटत होते की इथे मशिदीची भिंत दिसायला हवी, कुणी हलवली.

“बाबा, मशीद पन्नास वर्षांपूर्वी पाडली,” मी म्हटलं. “काही दिसणार नाही तुम्हाला. झालं ते झालं, चला आता.”

“इथेच आहे,” ते म्हणाले. “जवळच कुठेतरी आहे.”

“मग कुठलीही मूठभर माती घ्या. आईला काय कळणारेय?”

हे बोलायला नको होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांचा दंड धरला आणि अक्षरशः ओढत त्यांना दोरीच्या बाहेर आणलं. दुर्मुश म्हणाला, “मावशी, आजोबांना म्युझियममध्ये न्या, तिथे गार आहे.” मावशी म्हणे. तो माझ्याच वयाचा असेल, खऱ्या वयाचा.

म्युझियममध्ये खरंच गार होतं. तुंजाय पाणी प्यायला म्हणून पुढे गेला आणि पाच मिनिटांनी धावत परत आला. मी त्याला आयुष्यात धावताना फारसं बघितलेलं नाही. म्हणाला, ताई, पक्षी आहे. आम्ही गेलो. भिंतीला लावलेल्या दगडांच्या ओळीत, गुडघ्याइतक्या उंचीचा एक दगड होता. वर एक मुलगी, तिच्या हातात पक्षी, खाली ग्रीक अक्षरं. बाजूला पाटी: मुलीच्या थडग्याचा दगड, रोमन काळ, दुसरं शतक. त्या डोळ्यांनी बाबांना पाटी वाचता येणं शक्यच नव्हतं. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी दगड चाचपला. मुलीवर नाही, पक्ष्यावर अंगठा फिरवला.

लगेच आतून माणूस आला, हात लावू नका म्हणाला. बाबा म्हणाले, हा दगड माझा आहे. मग त्या माणसाने कुणालातरी फोन केला आणि एक तरुण मुलगी आली. केस वर बांधलेले, बुटांना माती, हातात चहाचा पेला. इदिल तिचं नाव, इथल्या दगडांच्या नोंदी तीच बघते. कामाच्या गडबडीत होती, तरी पेला खाली ठेवून बाबांशेजारी जमिनीवर बसली. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली. ती म्हणाली, असे बरेच जण येतात, सगळ्यांचा दगड इथे असतोच. मग तिने बाबांना नाव विचारलं.

“रिफात,” बाबा म्हणाले. “मुस्तफाचा रिफात. तिसऱ्या तुकडीत होतो. टोपल्या उचलायला.”

ती उठली आणि आत गेली. वीस मिनिटं आली नाही. मी तुंजायला म्हटलं, चार वाजलेत, दुकान टाकून आलेय, आता ती काही येत नाही. तुंजाय म्हणाला, बरं ताई. मग ती आली. हातात एक जाड वही होती, पिवळी पडलेली, वर सत्तर साल लिहिलेलं.

तिने दगडाचा क्रमांक पाटीवर बघून पानं उलटली. लिहिलेलं परभाषेत होतं, ती वाचून आम्हाला आमच्या भाषेत सांगत गेली. पक्षी धरलेल्या मुलीचा दगड. गावच्या कबरस्तानातून. लेख असा, की फिलोनने आपल्या लाडक्या मुलीसाठी, अम्मियासाठी हा उभा केला, तिने पाच वर्षं पाहिली. इथे इदिल थांबली आणि पुढचं मनात वाचलं. मग हळूच म्हणाली, “आजोबा, इथे लिहिलंय की हा दगड मजूर रिफातने स्वतःहून आणून दिला.”

मी म्हटलं, काहीतरी चूक आहे. हा दगड सरकारी लोकांनी नेला होता, जबरदस्तीने. आमच्या घरात लहान पोरालाही ते ठाऊक आहे.

“चूक नाही,” बाबा म्हणाले. ते अजून जमिनीवरच बसले होते. “मीच आणला. पाठीवर बांधून.”

इदिलने पुढचं वाचलं. मजुराने स्वतःच्या मुलीच्या कबरीवर हा दगड लावला होता. लेखाचा अर्थ त्याला सांगितला. दुसऱ्या दिवशी दगड उपटून घेऊन आला. म्हणतो, हे नाव माझ्या मुलीचं नाही, दुसऱ्याच्या मुलीचं आहे, ते तिच्या डोक्यावर राहता कामा नये. त्याला दगड तिथेच ठेव म्हणून समजावलं, ऐकलं नाही.

तुंजाय खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाबा सांगू लागले, खाली मान घालून. पक्षी छान दिसला म्हणून त्यांनी तो दगड नाल्यातून आणून लावला होता. खालची अक्षरं त्यांना नक्षी वाटली होती. प्रोफेसर एकदा कबरस्तान बघायला आला आणि त्याने दुभाष्याकडून सांगितलं की इथे अम्मिया लिहिलंय. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. कबरीत मेलेल्याला जाब विचारायला देवदूत आले, त्यांनी हाक मारली, तर आपली पोरगी दुसऱ्या कुणाच्या नावाखाली सापडेल. म्हणून काढला. जागी नदीतला साधा धोंडा ठेवला. आईला पक्षी आवडायचा, तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून सरकारचं नाव सांगितलं. महिन्याभराने गाव हललं आणि तो धोंडा कुठे गेला कुणाला ठाऊक.

 मला ओरडायचं नव्हतं. म्युझियम होतं, समोर परकी मुलगी होती. पण चाळीस वर्षं एखाद्याने किती गिळायचं?

“बाबा,” मी म्हटलं, “मेलेल्या पोरीच्या डोक्यावर दुसरीचं नाव नको, म्हणून तुम्ही एवढा दगड उपटलात. पाठीवर वाहिलात. तेव्हा मी घरात होते. रांगत होते. माझ्या डोक्यावरचं दुसरीचं नाव तुम्हाला दिसलं नाही?”

 तो मघाचा माणूस दारात येऊन परत गेला.

“दिसलं,” बाबा म्हणाले.

“मग?”

“तालुक्याला गेलो होतो. दोनदा. कागद दुरुस्त करायचा तर तिथे म्हणावं लागतं की पहिली मेली. दोन्ही वेळा तुझ्या आईने रडून आकांत केला. म्हणाली, कागदावर तरी जिवंत राहू दे.” त्यांनी दगडावर हात ठेवला. “दगड मला उचलता आला. ते नाही आलं.”

“आणि लग्नाच्या वेळी?”

 या वेळी चप्पल घालून बाहेर जायला जागा नव्हती. मी पहिल्यांदाच बाबांना उत्तर नसलेलं आणि तरी समोर बसलेलं बघत होते. मला समाधान वाटायला हवं होतं. नाही वाटलं. राग तसाच होता, फक्त तो आता एकट्या बाबांवर नव्हता. आईवरही होता, आणि तिच्यावर रागवायला ती कुठे होती?

इदिल उठली. तिने वहीतलं शेजारचं पान दाखवलं. दगड जिथून आला ती जागा रेघांनी काढलेली होती, मशिदीच्या पायाच्या कोपऱ्यापासूनची मापं टाकून. म्हणाली, पायाचे दगड गवताखाली अजून आहेत, चला. जाताना तिने कोपऱ्यातून एक लांब टेप उचलली. दुर्मुशने आम्हाला परत येताना बघितलं आणि शिट्टी तोंडाला लावली. इदिलने नुसता हात केला, तशी त्याने ती खाली घेतली आणि स्वतःच गवत झोडपायला काठी घेऊन पुढे आला.

पाया सापडला. टेप ताणली. मी एक टोक धरलं, दुर्मुशने दुसरं. माप जिथे संपलं ती जागा बघून मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली. मघाशी बाबा पुटपुटत जिथे उभे होते, तिथून चार पावलांवर. तिथूनच मी त्यांना ओढून नेलं होतं.

काही नव्हतं तिथे. थोडा खळगा, थोडं गवत. बाबा गुडघ्यांवर बसले. मेलेल्यांसाठी म्हणतात तो फातेहा वाचला. मग आमच्याकडे जनाज्याच्या वेळी इमाम जमलेल्यांना विचारतो तसं त्यांनी विचारायला घेतलं. फक्त इमाम जमलेल्यांना विचारतो की या मेलेल्याला माफ केलं का, आणि बाबा मेलेलीलाच विचारत होते. तीनदा विचारायची रीत आहे, आणि तिन्ही वेळा उत्तर यावं लागतं.

“फिक्रिये, तुझं नाव मी दुसरीला दिलं. तुझा दगड नेला. तू गेलीस हे कुठे नोंदवलं नाही. तुझा माझ्यावर जो हक्क आहे तो माफ केलास का?”

वारा नव्हता. कुणाचं उत्तर येणार होतं? त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.  तुंजाय माझ्याकडे बघत होता, दुर्मुश जमिनीकडे. तिसऱ्यांदा विचारताना त्यांच्या तोंडून शब्दच नीट फुटेना. आणि तिथे उभ्या असलेल्यांत फिक्रिये नावाची मी एकटीच होते.

“केलं,” मी म्हटलं. “तिच्या वतीने सांगते. तिन्ही वेळा केलं.”

बाबांनी तोंडावरून हात फिरवले. खिशातून रुमाल काढला, त्यात माती घेतली, गाठ मारली. पण उठले नाहीत. गुडघ्यांवरच माझ्याकडे वळले. इतक्या जवळून बघूनही त्यांना माझा चेहरा धूसरच दिसत असणार.

“आणि तू?” त्यांनी विचारलं.

सांगू का, माफ करावंसं वाटत नव्हतं. पाय दुखत होते, मोजे काट्यांनी भरले होते आणि माझं अख्खं आयुष्य पावणेचार वर्षांनी पुढे ढकललं गेलं होतं. माफी मागायला यांना माझ्या बहिणीच्या कबरीवर यावं लागलं.

“आधी सांगा,” मी म्हटलं, “माझा जन्म कधीचा?”

मला वाटलं, आठवणार नाही. वाटलं, डाळिंबं उतरवत होतो, थंडी पडायला लागली होती, असलं काहीतरी ऐकावं लागेल.

“एकोणसत्तर सालच्या ऑक्टोबरची तेवीस तारीख,” बाबा म्हणाले. जरासुद्धा थांबले नाहीत. “गुरुवार. उजाडायच्या आधी.”

 त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं दर तेवीस ऑक्टोबरला ते उठले, चहा प्यायले, चप्पल घालून बाहेर गेले, आणि त्यांना माहीत होतं. असा संताप आला, आणि त्या संतापातच मी त्यांच्यासमोर त्या गवतात बसले आणि ढसाढसा रडले. दुर्मुशने काठी टाकली आणि तो थोडा लांब जाऊन उभा राहिला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, काही समजावलं नाही. नुसते थांबून राहिले.

“विचारा,” मी म्हटलं.

“माफ केलंस का?”

“केलं.” मी नाक पुसलं. “हे एकदा झालं. अजून दोनदा विचारायचंय.”